मेथड कॉल केली, पण चालत नाही किंवा भलतंच उत्तर येतं: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, जावा आणि कधीमधी सी प्लस प्लस अशा मिश्र कोडवर मी काम करतो. नव्या मुलांचा अडलेला कोड बघणं हा त्या कामाचाच भाग. त्यात एक बिघाड सतत समोर येतो: ऑब्जेक्टची (प्रोग्राममधल्या एखाद्या वस्तूची) मेथड, म्हणजे तिला नेमून दिलेलं काम, बोलावली, पण ती धावलीच नाही, किंवा धावली आणि चुकीच्या ऑब्जेक्टवर धावली. भाषा बदलली की एररचे शब्द बदलतात, मूळ कारणं मात्र तीच असतात. म्हणून सगळ्या भाषांसाठी मिळून हा एकच क्रम लिहितो आहे.

खालची उदाहरणं वाचायला सोपी जावीत म्हणून पूर्ण देवनागरीत आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये सेल्फ, धिस, सॉर्ट असे भाषेचे स्वतःचे शब्द त्यांच्या मूळ लिपीतच टाइप करा.

लक्षणं

यातलं काही दिसत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- पायथनमध्ये आकड्याऐवजी `<बाउंड मेथड ...>` असं काहीतरी छापलं जातं.
- जावास्क्रिप्टमध्ये "इज नॉट अ फंक्शन" किंवा "कॅननॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड".
- पायथनमध्ये "नन-टाइप ऑब्जेक्ट हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट", किंवा "टेक्स वन पोझिशनल आर्ग्युमेंट बट टू वेअर गिव्हन", आणि तुम्ही तर एकच आर्ग्युमेंट (कंसात दिलेली माहिती) दिलेलं असतं.
- पीएचपीमध्ये "कॉल टू अ मेंबर फंक्शन ऑन नल". नल म्हणजे जागा रिकामी, ऑब्जेक्टच नाही.
- जावामध्ये नल पॉइंटर एक्सेप्शन, किंवा "नॉन-स्टॅटिक मेथड कॅननॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट".
- एरर काहीच नाही, पण इफची अट कायम खरी ठरते. किंवा मेथड चालते, तरी ऑब्जेक्टमध्ये केलेला बदल टिकत नाही. किंवा बटन न दाबताच पान उघडताना काम होऊन जातं.

शेवटच्या ओळीतली लक्षणं सगळ्यात त्रासदायक, कारण तिथे भाषा तुम्हाला काहीच सांगत नाही.

कुठल्याही मेथड कॉलमध्ये तीन गोष्टी असतात: कोणाला सांगायचं, काय करायला सांगायचं, आणि "आत्ता कर" ही खूण. `खाते.जमा(रक्कम)` मध्ये खाते हा "कोणाला", जमा हे "काय", आणि कंस म्हणजे "आत्ता कर". घरात मोठ्याने "गॅस बंद कर" म्हटलं आणि कोणाला म्हटलं तेच कळलं नाही, तर गॅस चालूच राहतो. बहुतेक बिघाड या "कोणाला"मध्येच असतात. तरी तपासणी शेवटच्या टोकापासून, कंसापासून सुरू करा, कारण तिथे अर्धं मिनिटही लागत नाही.

पहिली तपासणी: एरर पूर्ण आणि योग्य टोकाकडून वाचा

यात काही बदलायचं नसतं, त्यामुळे काही बिघडण्याची भीती नाही. पायथनच्या ट्रेसबॅकमध्ये (एररसोबत छापल्या जाणाऱ्या कॉलच्या यादीत) खरी चूक सगळ्यात खालच्या ओळीत असते. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ती वर असते. पण जावामध्ये खाली "कॉज्ड बाय" दिसत असेल, तर शेवटच्या "कॉज्ड बाय"पर्यंत उतरा. मूळ कारण तिथेच असतं.

जावा वापरणाऱ्यांनी आपली आवृत्तीही बघून घ्यावी. जेडीके (जावाचा विकास-संच) १४ मध्ये नल पॉइंटर एक्सेप्शनला सविस्तर संदेश आला आणि १५ पासून तो आपोआप चालू असतो. `बँक.खाते().मालक().नाव()` अशी लांबलचक साखळी असली तरी नेमक्या कोणत्या कॉलने नल परत दिला ते तो नावानिशी सांगतो. जुन्या जेडीकेवर फक्त ओळीचा क्रमांक मिळतो. तिथे ही साखळी तोडून प्रत्येक टप्पा वेगळ्या ओळीवर लिहा, म्हणजे क्रमांकावरूनच कळेल.

दुसरी तपासणी: कंस आहेत का, आणि नको तिथे तर नाहीत ना

पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये `खाते.शिल्लक` म्हणजे ती मेथड ही वस्तू, आणि `खाते.शिल्लक()` म्हणजे तिने दिलेलं उत्तर. कंस विसरले तर एरर येत नाही, हाच धोका. `इफ खाते.सक्रिय:` असं लिहिलं की पायथन विचारतो, ही मेथड नावाची वस्तू खरी की खोटी? मेथड अस्तित्वात आहे म्हणजे खरीच. मग बंद खात्यांवरही व्यवहार चालू राहतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये अगदी हेच होतं.

रूबीत उलट आहे. तिथे कंस नसले तरी मेथड धावते, त्यामुळे रूबीवरून पायथनकडे आलेल्यांच्या हाताला कंस न देण्याची सवय असते. सी प्लस प्लसमध्ये निदान कंपायलर अडवतो. जीसीसी हा कंपायलर तर "कंस विसरलात का" असंच विचारतो.

नको तिथे दिलेले कंस हा दुसरा प्रकार. बटन न दाबताच काम होत असेल तर जवळपास नक्की हेच कारण असतं. रिअ‍ॅक्टमध्ये ऑनक्लिकला `जतन` द्यायचं असतं आणि दिलेलं असतं `जतन()`. म्हणजे पान रंगवतानाच मेथड धावली आणि तिचं उत्तर, बहुधा अनडिफाइन्ड, बटनाला चिकटवलं गेलं. सेटटाइमआउटलाही हाच नियम लागू.

मग मेथड आणि प्रॉपर्टी यांतला गोंधळ. जावाने तर तीन तऱ्हा करून ठेवल्या आहेत: अ‍ॅरेला `लेंग्थ` कंसाशिवाय, स्ट्रिंगला `लेंग्थ()` कंसासह, आणि लिस्टला `साइझ()`. जावास्क्रिप्टमध्ये लेंग्थला कंस दिले की "इज नॉट अ फंक्शन". सी शार्पच्या लिस्टला काउंट ही प्रॉपर्टी आहे, आणि लिंक ही सी शार्पची लायब्ररी वापरली तर काउंट नावाची मेथडही आहे. इथे तर्क चालवू नका. एडिटरमध्ये नावावर माउस ठेवा, मेथड की प्रॉपर्टी ते तो दाखवतो.

सी प्लस प्लसमध्ये एक खास सापळा आहे. `खाते क();` लिहिलं की तुम्हाला वाटतं क नावाचा ऑब्जेक्ट तयार झाला. कंपायलर मात्र ते "क नावाचं फंक्शन आहे, ते खाते परत देतं" असं वाचतो. मग पुढच्या ओळीत `क.जमा(रक्कम)` वर "नॉन-क्लास टाइप" असा विचित्र एरर येतो. कंस काढून टाका किंवा महिरपी कंस वापरा.

तिसरी तपासणी: टिंब, बाण की विसर्ग

पीएचपीमध्ये टिंब म्हणजे दोन स्ट्रिंग जोडणं. त्यामुळे `$खाते.जमा($रक्कम)` लिहिलं की पीएचपी जमा नावाचं सुटं फंक्शन शोधायला जातो आणि "कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन" म्हणतो. खूण लक्षात ठेवा: एररमध्ये "अनडिफाइन्ड"पुढे "फंक्शन" शब्द आला तर चिन्ह चुकलंय, "मेथड" शब्द आला तर नाव चुकलंय. बरोबर रूप `$खाते->जमा($रक्कम)`. बाणानंतर पुन्हा डॉलर देऊ नका. `$धिस->$शिल्लक` मध्ये पीएचपी आधी $शिल्लक नावाचं व्हेरिएबल शोधतो, आणि ते नसतंच.

सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्टला टिंब, पॉइंटरला बाण. कंपायलर बहुधा योग्य चिन्ह सुचवतो, त्याचं ऐका. गो आणि रस्टमध्ये दोन्हीकडे टिंबच चालतं. रस्टमध्ये दोन विसर्ग (`::`) म्हणजे ऑब्जेक्टवर नव्हे, तर थेट टाइपवर कॉल.

लुआमध्ये जरा थांबूया, कारण "कोणाला" हा प्रश्न तिथे सगळ्यात उघडा दिसतो. `खाते:जमा(रक्कम)` आणि `खाते.जमा(खाते, रक्कम)` हे दोन्ही एकच. विसर्ग दिला की लुआ डावीकडचा ऑब्जेक्ट पहिलं आर्ग्युमेंट म्हणून स्वतः सरकवतो. टिंब दिलं की सरकवत नाही. मग `खाते.जमा(रक्कम)` मध्ये रक्कमच सेल्फच्या (म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर कॉल केला त्याच्या) जागी जाऊन बसते आणि "अटेम्प्ट टु इंडेक्स अ नंबर व्हॅल्यू, लोकल सेल्फ" असा एरर येतो. एररमध्ये सेल्फ हे नाव दिसलं की सरळ टिंब आणि विसर्ग बघा. घरातली मुलं रोब्लॉक्सवर गेम बनवत असतील तर त्यांनाही हाच बिघाड भेटतो. तिथली भाषा लुआपासूनच निघालेली आहे, आणि रोब्लॉक्स "टिंब नको, विसर्ग हवा" असं स्पष्ट सांगतो.

लुआचं हे कळलं की पायथनचा तो गूढ एररही उलगडतो. `खाते.जमा(रक्कम)` म्हटलं की पायथन गुपचूप दोन गोष्टी पाठवतो: खाते आणि रक्कम. क्लासमध्ये मेथड लिहिताना सेल्फ विसरला असाल तर जागा एकच असते आणि आलेल्या गोष्टी दोन. एररमधला आकडा तुमच्या मोजणीपेक्षा एकाने जास्त दिसला की सेल्फ राहिलाय असं समजा.

चौथी तपासणी: नाव अक्षर न् अक्षर तेच आहे का

पीएचपीमध्ये मेथडच्या नावात लहान-मोठी लिपी चालून जाते, व्हेरिएबलच्या नावात चालत नाही. पायथन, जावा, जावास्क्रिप्टमध्ये एकही अक्षर इकडचं तिकडे झालेलं चालत नाही. गेट एलिमेंट बाय आयडी लिहिताना शेवटचा डी लहान लिपीत असतो, आणि नवशिक्यांचा तो हमखास मोठा होतो. हाताने टाइप करण्याऐवजी एडिटरने सुचवलेलं नाव घ्या.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. हल्ली शिकवताना किंवा स्वतःच्या हौसेच्या कामात देवनागरी नावं वापरणारे बरेच भेटतात. पायथन ३, जावास्क्रिप्ट आणि जावा यांना ती चालतात. पण `फेऱ्या` हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या र आणि हलन्तानंतर झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जावास्क्रिप्टला हे चिन्ह नावात चालतं, म्हणून त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं होतात. मेथड एका कीबोर्डवरून लिहिली आणि कॉल दुसऱ्यावरून, तर "इज नॉट अ फंक्शन", आणि कितीही वेळा वाचलं तरी फरक दिसत नाही. पायथन निदान "इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर" म्हणून थांबवतो. उपाय सोपा आहे: मेथड जिथे लिहिली तिथलं नाव कॉपी करून कॉलच्या जागी पेस्ट करा.

गोमध्ये हा प्रयोग करूच नका. गोच्या नावांत फक्त सुटी अक्षरं आणि अंक चालतात. काना, मात्रा, वेलांटी ही जोडचिन्हं चालत नाहीत, त्यामुळे देवनागरी जवळपास पूर्ण बाद होते. शिवाय गोमध्ये पॅकेजबाहेरून मेथड बोलवायची तर नावाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं लागतं. इंग्रजी नाव असूनही "अनएक्सपोर्टेड" असा एरर आला तर कारण तेच.

पाचवी तपासणी: तो ऑब्जेक्ट खरंच तुम्हाला वाटतो तोच आहे का

कॉलच्या आधीच्या ओळीत ऑब्जेक्टचा प्रकार छापा. पायथनमध्ये टाइप, जावास्क्रिप्टमध्ये कन्सोल डॉट लॉग, पीएचपीमध्ये व्हार डम्प, जावामध्ये गेटक्लास. जावामध्ये ऑब्जेक्ट नल असेल तर गेटक्लासही कोसळेल, म्हणून आधी नल आहे का तेवढं बघा. लोक ही पायरी टाळतात आणि मेथडच्या आतला कोड वाचत बसतात, जिथे गाडी पोचलेलीच नसते.

पायथनमध्ये नन (पायथनचा नल) आलं तर आधी ही ओळ शोधा: `यादी = यादी.सॉर्ट()`. सॉर्ट यादी जागच्या जागी लावते आणि परत काहीच देत नाही. तुम्ही ते "काहीच नाही" यादीत भरलं, आणि आता यादीच गेली. अपेंडचंही तसंच. लावलेली नवी यादी हवी असेल तर सॉर्टेड हे वेगळं फंक्शन आहे.

स्ट्रिंगच्या बाबतीत उलट गंमत. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट तिन्हींत स्ट्रिंग बदलत नाही. `नाव.ट्रिम()` (पायथनमध्ये `नाव.स्ट्रिप()`) म्हटलं की नवी स्ट्रिंग मिळते आणि जुनी तशीच राहते. उत्तर कुठे साठवलंच नाही तर मेथड बिनचूक धावूनही काही झालेलं दिसत नाही. "मेथड चालते पण बदल होत नाही" या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच बघतो. रूबीने यासाठी चांगली पद्धत ठेवली आहे: सॉर्ट नवी यादी देते, उद्गारचिन्ह लावलेली सॉर्ट मूळ यादीच बदलते. जावास्क्रिप्टची सॉर्ट दोन्ही करते, मूळही बदलते आणि परतही देते. २०२३ च्या मानकात टूसॉर्टेड आली, ती मूळ यादीला हात लावत नाही.

ब्राउझरमध्ये नल येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे स्क्रिप्ट पानाच्या वरच्या भागात आहे आणि जे बटन शोधताय ते अजून पानावर आलेलंच नाही. स्क्रिप्टच्या टॅगला डिफर लावा. क्वेरी सिलेक्टर ऑल जे देतं ती अ‍ॅरे नसते, नोडलिस्ट असते. तिला फॉरइच आहे, मॅप नाही. आणि फेच वापरत असाल तर अवेट कुठे राहिलंय का बघा. अवेट नसलं की हातात माहितीऐवजी प्रॉमिस (माहिती नंतर देण्याचं वचन) असतं आणि त्याच्यावर तुमची मेथड नसतेच. जेसन मेथडसुद्धा प्रॉमिसच देते, त्यामुळे अवेट दोनदा लागतं. दुसरं राहून जातं.

इथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. नल दिसला की लगेच प्रश्नचिन्हाचं टिंब, म्हणजे `खाते?.जमा(रक्कम)`, ठोकून देऊ नका. जावास्क्रिप्ट, सी शार्प आणि कॉटलिनमध्ये ते आहे, पीएचपी ८ मध्ये `?->` आहे, रूबीत `&.` आहे. सोय चांगली आहे, पण ती "ऑब्जेक्ट नसणं चालेल" अशा जागांसाठी आहे. पैसे जमा करताना खातंच नसेल, तर एरर यायलाच हवा. तो गप्प केला तर पैसे जमा न होता कार्यक्रम पुढे जातो आणि चूक महिनाअखेरीला हिशेबात सापडते. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये तर निलला मेथड पाठवली की कायमच काही न होता शून्य किंवा निल परत येतं. त्या भाषेत काम करणाऱ्यांनी ही पाचवी तपासणी दुसऱ्या क्रमांकावर आणावी.

सहावी तपासणी: ऑब्जेक्ट तयार केलाय, की नुसत्या क्लासवर कॉल करताय

जावा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी मेनमधून दुसरी मेथड थेट बोलावतो आणि "नॉन-स्टॅटिक मेथड" वाला एरर खातो. मेन बहुधा स्टॅटिक असते, म्हणजे ती धावते तेव्हा ऑब्जेक्ट कुठलाच नसतो. मग जमा कोणाच्या खात्यात करायचं? बरोबर उपाय म्हणजे मेनमध्ये आधी न्यू वापरून ऑब्जेक्ट तयार करणं. एडिटर मात्र "मेथड स्टॅटिक करा" असं सुचवतो, विद्यार्थी ते मान्य करतो, मग व्हेरिएबलंही स्टॅटिक करावी लागतात, आणि शेवटी दोन खाती तयार केली तरी दोघांची शिल्लक एकच निघते. एडिटरची ही सूचना नाकारा.

पायथनमध्ये `क = खाते` आणि `क = खाते()` यांतल्या कंसाचा फरक बघा. पहिल्यात क म्हणजे क्लासच. त्यावर `क.शिल्लक()` अशी मेथड बोलावली की "मिसिंग रिक्वायर्ड आर्ग्युमेंट सेल्फ".

सातवी तपासणी: वाटेत ऑब्जेक्ट गळून पडला का

सगळ्यात जास्त वेळ खाणारा बिघाड हा, आणि तो मुख्यतः जावास्क्रिप्टचा. रांगेचा टोकन दाखवणारं छोटं पान समजा. `यंत्र` हा ऑब्जेक्ट, त्यात `क्रमांक` आणि `पुढचा` ही मेथड. पुढचामध्ये `धिस.क्रमांक` एकाने वाढतो. कन्सोलमध्ये `यंत्र.पुढचा()` लिहिलं की बरोबर चालतं. मग बटनाच्या लिसनरला (बटन दाबल्यावर धावणाऱ्या फंक्शनच्या जागी) `यंत्र.पुढचा` दिलं, कंस न देता, जसं द्यायला हवं तसंच. बटन दाबलं, आणि यंत्रातला क्रमांक जागचा हलत नाही. मेथडच्या आत धिस.क्रमांक छापून बघितला तर एनएएन, म्हणजे "संख्या नाही". एरर नाही, काही नाही.

झालं असं: जावास्क्रिप्टमध्ये धिस कोण हे मेथड लिहिताना ठरत नाही, बोलावताना ठरतं. तुम्ही बटनाला नुसतं फंक्शन दिलं, यंत्र मागेच राहिलं. बटन दाबल्यावर ब्राउझरने धिस म्हणून ते बटनच दिलं. बटनाला क्रमांक नाही, म्हणून अनडिफाइन्ड अधिक एक, म्हणजे एनएएन. तीच मेथड ब्राउझरमध्ये सेटटाइमआउटला दिली तर धिस म्हणजे विंडो. फॉरइचला किंवा प्रॉमिसच्या देनला दिली तर क्लासमधल्या मेथडमध्ये धिस अनडिफाइन्ड, आणि तेव्हा मात्र "कॅननॉट रीड प्रॉपर्टीज" एरर येतो. एकाच चुकीची तीन रूपं. म्हणूनच "त्या पानावर चालतंय, इथे नाही" असं ऐकू येतं.

खात्री करायला मेथडच्या पहिल्या ओळीत धिस छापा. यंत्राऐवजी बटन किंवा विंडो दिसलं की निदान झालं.

दुरुस्ती म्हणून मी `() => यंत्र.पुढचा()` असं बाणाचं फंक्शन देतो. कोणाला बोलावतोय ते ओळ वाचतानाच दिसतं. बाइंड वापरलं तरी चालतं, पण बाइंड दर वेळी नवं फंक्शन देतं. नंतर लिसनर काढायचा असेल तर बाइंड केलेलं फंक्शन व्हेरिएबलमध्ये ठेवा, नाहीतर तो निघणार नाही आणि जुने लिसनर साचत जातील. बाणाच्या फंक्शनलाही हे लागू आहे. आणि साध्या ऑब्जेक्टमधली मेथड मात्र बाणाने लिहू नका. बाणाला स्वतःचा धिस नसतो, तो बाहेरचा उचलतो.

पायथनमध्ये हा बिघाड होत नाही. `पुढे = यंत्र.पुढचा` असं वेगळं नाव दिलं तरी ती बाउंड मेथड असते, यंत्र तिच्याबरोबरच राहतं. सी शार्पचं डेलिगेट आणि जावाचा `यंत्र::पुढचा` हा मेथड रेफरन्सही ऑब्जेक्ट धरून ठेवतात. सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्टशिवाय मेथडचा पॉइंटर कॉलबॅक म्हणून चालत नाही, तिथे लॅम्डा लिहून ऑब्जेक्ट कॅप्चर करावा लागतो. रेफरन्सने कॅप्चर केला असेल तर कॉलबॅक धावेपर्यंत तो ऑब्जेक्ट जिवंत आहे ना, हे तुम्हीच बघायचं.

आठवी तपासणी: त्याच नावाचं दुसरं काहीतरी धावतंय का

पायथनमध्ये `सेल्फ.शिल्लक = ०` आणि शिल्लक नावाची मेथड दोन्ही ठेवली की आकडा मेथडला झाकतो आणि "इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल" येतं. एकाचं नाव बदला. तुमच्या फाइलचंच नाव रँडम असेल, तर रँडम लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल इम्पोर्ट होते आणि लायब्ररीतली मेथड "नाही" म्हणते. फाइलचं नाव बदलणं फुकट आहे, आधी ते करा.

सी प्लस प्लसमध्ये मूळ क्लासच्या पॉइंटरवरून बोलावलं आणि मेथड व्हर्च्युअल नसेल तर मूळ क्लासचीच मेथड धावते. जावामध्ये इक्वल्सला ऑब्जेक्टऐवजी खाते हा पॅरामीटर दिला की ती ओव्हरराइड न होता वेगळीच मेथड बनते, आणि लिस्ट तिला विचारतच नाही. ओव्हरराइडची खूण वर लिहायची सवय ठेवा, कंपायलर लगेच पकडतो.

बदल टिकत नसेल आणि भाषा गो असेल तर रिसीव्हर (मेथडला ऑब्जेक्ट जिथे मिळतो ती जागा) बघा. व्हॅल्यू रिसीव्हर असेल तर मेथडला प्रत मिळते, जमा त्या प्रतीत होतं आणि प्रत फेकली जाते. पॉइंटर रिसीव्हर हवा. सी प्लस प्लसच्या फॉर लूपमध्ये ऑटोपुढचं `&` राहिलं तरी नेमकं हेच होतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

वरचं सगळं करून झालं असेल, तर पुढच्या परिस्थितीत एकट्याने झटू नका.

जावामध्ये कंपाइल व्यवस्थित होतं आणि चालवताना "नो सच मेथड एरर" येतो. याचा अर्थ कंपाइल करताना एका आवृत्तीची जार (जावा लायब्ररीची फाइल) होती आणि चालवताना दुसऱ्याच आवृत्तीची सापडली. मेवन या बिल्ड साधनाचं डिपेंडन्सी ट्री काढून बघणं तुमच्या हातात आहे. पण कोणती आवृत्ती ठेवायची, हे ज्याला पूर्ण प्रणाली माहीत आहे त्यानेच ठरवावं. एक जार बदलली की दुसरीकडच्या मेथड तुटतात.

सी किंवा सी प्लस प्लसमध्ये मेथड कधी चालते, कधी सेगमेंटेशन फॉल्ट येतो, आणि एक छापण्याची ओळ घातली की बिघाड गायब होतो. बहुधा नष्ट झालेल्या ऑब्जेक्टवर कॉल होतो आहे. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून एकदा चालवा आणि तो अहवाल घेऊन अनुभवी माणसाकडे जा. ओळी इकडेतिकडे हलवून "चालायला लागलं" म्हणून सोडून देऊ नका.

अनेक थ्रेड असतील आणि एरर फक्त गर्दीच्या वेळी येत असेल तर तेच. आणि लाइव्ह सर्व्हरवर पैसे, पगार किंवा रुग्णांची माहिती हाताळणारा कोड असेल, तर पहिल्या तपासणीनंतरच थांबा. तिथे व्हार डम्प घालून बघायचं नसतं, ज्यांच्याकडे ती जबाबदारी आहे त्यांना कळवायचं असतं.

कळवताना एररचा फोटो पाठवू नका, पूर्ण मजकूर पाठवा. सोबत भाषेची आणि लायब्ररीची आवृत्ती, पाचव्या तपासणीत छापलेला ऑब्जेक्टचा प्रकार, आणि बिघाड दिसेल एवढाच दहा-पंधरा ओळींचा कोड द्या. त्यात पासवर्ड किंवा एपीआयची की राहिलेली नाही ना, ते पाठवण्याआधी बघून घ्या.